आप्तवाक्य आणि आकाशवाणी

भारतीय दर्शनांनी ज्ञानाची जी साधने मानली, म्हणजे ज्यांना ‘प्रमाणे’ म्हणतात, त्यांत प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला ‘शब्द’ हेही स्वतंत्र प्रमाण मानावे की नाही, हा वाद शतकानुशतके चालला. चार्वाकांनी शब्दाला प्रमाण मानलेच नाही. वैशेषिकांनी आणि बौद्ध तार्किक दिङ्‌नागाने त्याचा अंतर्भाव अनुमानात केला. न्याय, मीमांसा आणि वेदान्त यांनी मात्र शब्दाला स्वतःचे स्थान दिले, कारण दुसऱ्याच्या सांगण्यातून होणारे ज्ञान पाहण्यातून किंवा तर्कातून होणाऱ्या ज्ञानाहून जातीने वेगळे आहे, असे त्यांना दिसले. या वादाच्या केंद्रस्थानी वेदांचे प्रामाण्य होते हे खरे, तरी त्याचा आवाका वेदांपुरता नव्हता. माणसाला जे जे ठाऊक असते त्यातला फारच थोडा भाग त्याने स्वतः पाहिलेला असतो. उरलेले सर्व त्याने कोणाकडून तरी ऐकलेले किंवा वाचलेले असते, आणि ते मानण्याचा त्याला अधिकार कोठून येतो, हा प्रश्न श्रद्धावंताला जितका टाळता येत नाही तितकाच इतिहासकारालाही टाळता येत नाही. इतिहासाचे सारे शास्त्र ज्यांना आता उलट प्रश्न विचारता येत नाही अशा मृत माणसांच्या साक्षीवर उभे असते. विसाव्या शतकात नभोवाणी आली तेव्हा याच प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला, कारण जिवंत असूनही न दिसणारा आणि ज्याला अडवून काही विचारता येत नाही असा वक्ता प्रथमच हजारो घरांत एकाच वेळी बोलू लागला.

दर्शन, इतिहास आणि नभोवाणी या तिन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच विद्यापीठाच्या आवारात आणि जवळजवळ एकाच पिढीत एकत्र आल्या, असे उदाहरण म्हैसूरचे आहे. आणि त्या तिन्ही ज्या एका माणसाच्या आयुष्यात एकमेकींना भिडल्या, ते इतिहासाचे प्राध्यापक ना. कस्तुरी होत.

म्हैसूर विद्यापीठ १९१६ साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण असताना स्थापन झाले. ब्रिटिश हद्दीबाहेर, देशी संस्थानात निघालेले हे पहिले विद्यापीठ. त्याच्या महाराजा कॉलेजात १९१८ ते १९२१ या काळात सर्वपल्ली राधाकृष्णन तत्त्वज्ञान शिकवीत होते, आणि मैसूर हिरियण्णा हे संस्कृतचे प्राध्यापक १९२७ पर्यंत तेथे अध्यापन करीत होते. हिरियण्णांचा भारतीय तत्त्वज्ञानाची रूपरेषा मांडणारा इंग्रजी ग्रंथ १९३२ साली लंडनहून प्रसिद्ध झाला, आणि प्रमाणशास्त्रातील बारीक भेद त्यात ज्या संयमाने मांडले आहेत त्यामुळे तो आजही अभ्यासकांच्या हातात असतो. त्याच शहरातल्या प्राच्य ग्रंथालयात पंडित आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली कौटिलीय अर्थशास्त्राचे ताडपत्री हस्तलिखित आले. १९०९ साली त्यांनी मूळ ग्रंथ छापला आणि १९१५ साली त्याचे इंग्रजी भाषांतर. तोवर ज्या ग्रंथाचे नाव इतर ग्रंथांतल्या उल्लेखांतून ऐकण्यात होते, तो प्रत्यक्ष समोर आल्यावर जे घडले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. ग्रंथ स्वतःला कौटिल्याचा म्हणवतो, एवढ्यावर विद्वानांनी तो मौर्यकाळातला मानून टाकला नाही. भाषा, आशय, उल्लेखिलेल्या वस्तू आणि शासनव्यवस्थेचे तपशील यांवरून तो एका हातचा की अनेकांचा, इसवी सनापूर्वीचा की नंतरचा, याची छाननी सुरू झाली आणि ती पुढे कित्येक दशके चालू राहिली. ग्रंथाबद्दल आदर आणि त्याच्या स्वतःविषयीच्या विधानाबद्दल शंका या दोन वृत्ती इतिहासाच्या अभ्यासात एकत्र नांदतात, आणि नांदल्याच पाहिजेत.

या वातावरणात १९३५ साली एक वेगळाच उद्योग सुरू झाला. विद्यापीठात मानसशास्त्र विभागाची घडी बसवणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी हे लंडनमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून आले होते. १० सप्टेंबर १९३५ रोजी त्यांनी आपल्या ‘विठ्ठल विहार’ या राहत्या घरातून ३० वॅट शक्तीच्या लहानशा प्रक्षेपकावर कार्यक्रम प्रसारित करण्यास आरंभ केला. पुढे अधिक शक्तीचा, २५० वॅटचा प्रक्षेपक आला. पदरचा पैसा आणि नगरपालिकेचे साह्य यांवर काही वर्षे चाललेले हे केंद्र नंतर म्हैसूर संस्थानाने आपल्याकडे घेतले, आणि १९५५ साली ते बंगळूरला हलले. ब्रिटिश सरकारच्या नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव जून १९३६ मध्ये मिळाले, म्हणजे म्हैसूरचे हे घरगुती केंद्र त्या नावाहूनही जुने आहे. त्याचे नाव होते ‘आकाशवाणी’. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात साऱ्या देशाच्या नभोवाणीने तेच स्वीकारले. नाव सुचवण्याचे श्रेय अनेक जण कस्तुरींना देतात, काही जण स्वतः गोपालस्वामींना. कंसाला देवकीच्या आठव्या पुत्राविषयी सावध करणाऱ्या पुराणातल्या आकाशवाणीचा वक्ता दिसत नाही, तिला कोणी प्रश्न विचारू शकत नाही आणि ती कधी चुकत नाही. यंत्रातून येणाऱ्या वाणीचा वक्ताही दिसत नाही आणि तिलाही प्रश्न विचारता येत नाही, पण ती चुकू शकते, कारण ती माणसाची असते.

नारायण कस्तुरी १८९७ साली तेव्हाच्या कोचीन संस्थानातील त्रिपुणितुरा येथे जन्मले आणि तरुणपणी म्हैसूरला येऊन तिथलेच झाले. महाराजा कॉलेजात त्यांनी इतिहास शिकवला. केरळात जन्मून कन्नडवर असे प्रभुत्व मिळवले की विनोदी लेखक म्हणून त्यांचे नाव झाले आणि ‘अनर्थकोश’ या त्यांच्या गमतीच्या शब्दकोशाची कन्नड वाचकांना दीर्घकाळ आठवण राहिली. १९२५ साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या रामकृष्ण आश्रमाच्या कार्यातही ते होते. गोपालस्वामींच्या केंद्रावर त्यांनी काम केले. प्राध्यापक, प्रसारक, साहित्यिक आणि सेवाभावी कार्यकर्ता अशा चार नात्यांनी शहर त्यांना ओळखत होते. १९४८ साली ते आंध्रातील पुट्टपर्ती या खेड्यात तेव्हा नुकतीच विशी ओलांडलेल्या सत्य साईबाबांना भेटले, आणि १९५४ मध्ये सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांचे उरलेले सारे आयुष्य, म्हणजे १९८७ मधील मृत्यूपर्यंतचा काळ, त्या एका व्यक्तीच्या सेवेत गेला. १९५८ साली सुरू झालेल्या ‘सनातन सारथी’ या मासिकाचे ते संपादक झाले, बाबांच्या तेलुगू प्रवचनांचे इंग्रजी रूप त्यांनी सिद्ध केले आणि ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ या नावाने बाबांचे चरित्र चार खंडांत लिहिले. ज्याने आयुष्याची तीनएक दशके विद्यार्थ्यांना पुराव्याची पारख शिकवली, त्याने एका हयात व्यक्तीचे चरित्र ती ईश्वराचा अवतार आहे या गृहीतावर लिहिले. याला एका माणसाचे मतांतर म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण त्याने प्रमाणशास्त्रातला एक मोठा प्रश्न अनुत्तरित राहतो.

न्यायसूत्रांत शब्दप्रमाणाची जी व्याख्या आहे तिच्यानुसार आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द. आप्त कोणाला म्हणावे, हे भाष्यकार वात्स्यायनाने स्पष्ट केले आहे: ज्याला सांगायच्या विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि ते जसे आहे तसेच दुसऱ्याला कळावे अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. याच भाष्यात पुढे एक अतिशय उदार विधान येते, ते असे की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू पडते. आप्तत्व जन्मावर, पदावर किंवा पावित्र्यावर अवलंबून नाही. ते विषयाच्या ज्ञानावर आणि सांगण्यामागच्या हेतूवर अवलंबून आहे. प्राचीन भारतीय विचारातील हे एक थोर पाऊल म्हटले पाहिजे, आणि इतिहासाच्या आधुनिक पद्धतीला ते इतके जवळचे आहे की दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. १८९८ साली फ्रान्समध्ये लांग्लोआ आणि सेन्योबो यांनी इतिहासाभ्यासाच्या पद्धतीवर जो ग्रंथ लिहिला त्यात साधनांचे दोन प्रकारचे परीक्षण सांगितले आहे: कागद अस्सल आहे की बनावट, कधीचा आणि कोणाचा, हे ठरवणारे बाह्य परीक्षण, आणि लिहिणाऱ्याला हकीकत खरोखर ठाऊक होती का, ती विपर्यस्त करण्याचे त्याला काही कारण होते का, हे विचारणारे अंतःपरीक्षण. यातले दुसरे परीक्षण म्हणजे वात्स्यायनाच्या दोन अटीच आहेत. त्याच १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि प्रस्तावनेत बखरींपेक्षा अस्सल समकालीन पत्रांना श्रेष्ठ ठरवले. त्यांचा बखरकारांवरचा मुख्य आक्षेप ते खोटे बोलतात हा नव्हता; घडलेल्या गोष्टीपासून ते फार दूर होते आणि ऐकीव मजकूर स्मरणाने लिहीत होते, हा होता. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर यथार्थ सांगण्याची इच्छा बखरकारापाशी असेलही, साक्षात ज्ञान मात्र नव्हते.

न्यायसूत्रे शब्दाचे दोन प्रकार करतात. ज्याचा विषय या लोकी इंद्रियांनी पडताळता येतो तो दृष्टार्थ, आणि स्वर्ग, मोक्ष, देवता यांसारखा ज्याचा विषय पडताळण्याच्या कक्षेत येत नाही तो अदृष्टार्थ. मग अदृष्टार्थ वचन कशाच्या आधारावर मानायचे? दुसऱ्या अध्यायात सूत्रकार उत्तर देतो, ते असे की मंत्र आणि आयुर्वेद यांची वचने दृष्ट फळावरून खरी ठरलेली आहेत. ती ज्यांनी सांगितली त्या आप्तांनीच वेदही सांगितले, म्हणून वेदांचे अदृष्टार्थ वचनही प्रमाण. आप्ताच्या ठिकाणी विषयाचे साक्षात ज्ञान, प्राणिमात्रांविषयी दया आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा असे तीन गुण वात्स्यायन तेथे सांगतो. दृष्टाकडून अदृष्टाकडे जाणारा पूल येथे वक्त्याच्या व्यक्तित्वाचा आहे: एका विषयात जो विश्वासू ठरला तो दुसऱ्यातही विश्वासू.

हा पूल मजबूत नाही. औषधाचे गुण अचूक सांगणारा वैद्य परलोकाविषयी अचूक सांगेलच असे नाही, कारण त्याचे पहिले ज्ञान ज्या अनुभवातून आले तो अनुभव दुसऱ्या विषयात त्याच्यापाशी असतोच असे नाही. आणि वात्स्यायनाची स्वतःची व्याख्या पाहिली तर आप्तत्व विषयागणिक ठरवायला हवे, ते एकदा मिळाले की आयुष्यभर पुरते असे नाही. न्यायदर्शनाने आप्तत्व ऋषींपासून म्लेच्छांपर्यंत खुले केले, परंतु वेदांपाशी आल्यावर ते विषयाकडून व्यक्तीकडे सरकवले. या दोन भूमिकांमधला ताण त्या दर्शनाने पुरता सोडवला असे म्हणता येत नाही.

नभोवाणीने हाच ताण अधिक तीव्र केला. वर्गात शिक्षक दिसतो, त्याच्या हातातले पुस्तक दिसते, विद्यार्थ्याला हात वर करता येतो, आणि ग्रंथालयात जाऊन मूळ साधन काढून पाहता येते. ध्वनिक्षेपकासमोर बोलणाऱ्या इतिहासकाराला तळटीप देता येत नाही. वीस मिनिटांच्या व्याख्यानात पाच मतांतरे सांगितली तर श्रोता गोंधळतो, आणि एकच मत ठामपणे सांगितले तर ते निर्णय म्हणून घरोघर पोचते. येथे मीमांसकांनी मांडलेला एक भेद उपयोगी पडतो. कुमारिल भट्टाच्या मते ज्ञान उत्पन्न होताच ते प्रमाण मानले जाते, आणि त्याच्या कारणात दोष आढळला किंवा दुसऱ्या ज्ञानाने ते बाधित झाले तरच ते अप्रमाण ठरते. याला ‘स्वतःप्रामाण्य’ म्हणतात. नैयायिकांचे म्हणणे याच्या उलट असून ज्ञान खरे आहे की नाही हे बाहेरून, ते व्यवहारात यशस्वी ठरते का यावरून ठरवावे लागते, हे ‘परतःप्रामाण्य’. श्रोता वृत्तीने मीमांसक असतो: ऐकले, ते खरे, जोवर कोणी खोटे दाखवत नाही तोवर. इतिहासकार शिक्षणाने नैयायिक असतो. नभोवाणीवर बोलणारा इतिहासकार परतःप्रामाण्याच्या जगातून स्वतःप्रामाण्याच्या जगात बोलतो, आणि दोष दाखवण्याची जी सोय श्रोत्यापाशी नाही ती त्याने आपल्या बोलण्यातच करून ठेवावी लागते. हे आपल्याला इतक्या साधनांवरून कळते, हे निश्चित आहे, हे संभाव्य आहे, येथे साधने गप्प आहेत, असे सांगत जाणे हे त्याचे कर्तव्य ठरते. व्याख्यान थोडे रुक्ष झाले तरी चालेल. आप्ताच्या गुणांत वात्स्यायनाने प्राणिमात्रांविषयीची दया का घातली, ते येथे उमगते. ज्याला विचारता येत नाही त्याच्याविषयीची ती आस्था आहे.

आयर्लंडमध्ये हे काम एका पिढीने जाणीवपूर्वक केले. बेलफास्टमध्ये जन्मलेले आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्राध्यापक झालेले थिओडोर मूडी यांनी रॉबिन डडली एडवर्ड्स यांच्यासह १९३८ साली ‘आयरिश हिस्टॉरिकल स्टडीज’ हे संशोधन-नियतकालिक सुरू केले, आणि १९५३ पासून ‘रेडिओ एरन’ या आयर्लंडच्या नभोवाणीवर थॉमस डेव्हिस व्याख्यानमाला सुरू होण्यामागेही मूडींचाच पुढाकार होता. अर्ध्या तासाच्या या व्याख्यानांत निरनिराळे विद्वान बोलत, आणि पुष्कळदा व्याख्याने नंतर पुस्तकरूपाने निघत, म्हणजे ऐकलेले शब्द वाचकाच्या हाती तपासण्यासाठी परत येत. १९६६ साली मूडी आणि ऑगस्टिनी धर्मसंघाचे इतिहासकार एफ. एक्स. मार्टिन यांनी दूरचित्रवाणीवर आयर्लंडच्या इतिहासाचे २१ कार्यक्रम सादर करवले. त्यांचे पुस्तक १९६७ साली निघाले व आयर्लंडमध्ये घरोघरी गेले. १९७७ मधल्या एका भाषणात मूडींनी भूमिका घेतली की राष्ट्राने स्वतःविषयी रचलेल्या दंतकथांपासून मनाची सुटका करणे हे इतिहासाचे काम आहे. उत्तर आयर्लंडमध्ये त्या वेळी पंथभेदाच्या नावाने माणसे मारली जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आग्रहामागची कळकळ दिसते. परंतु १९८९ साली ब्रेंडन ब्रॅडशॉ या इतिहासकाराने, जो स्वतः कॅथलिक धर्मोपदेशक होता, या पिढीवर आक्षेप घेतला की अलिप्ततेच्या आग्रहापायी तिने दुष्काळ आणि जिंकले जाण्याच्या आपत्ती यांचे दुःख इतिहासातून जवळजवळ बाहेर काढले. हा आक्षेप वजनदार आहे. पुराव्याची शिस्त दंतकथा दूर करते, पण दंतकथेत लोकांनी जे साठवून ठेवलेले असते त्याचे काय करायचे, याचे उत्तर त्या शिस्तीपाशी आयते नसते.

कस्तुरींचा प्रवास या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला गेला. त्यांच्यापुढे जे होते ते भूतकाळातील दंतकथा नव्हती. ते डोळ्यांदेखत घडत होते आणि ते स्वतः साक्षी होते. बखरकारांत राजवाड्यांना जी उणीव दिसली ती कस्तुरींच्या ठिकाणी नव्हती, उलट १९४८ नंतरचा मोठा भाग त्यांनी जवळून पाहिलेला होता. मराठी वाचकाला येथे गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, आठवल्यावाचून राहणार नाहीत. तलाठ्यापासून चढत चढत न्यायदंडाधिकारी झालेले, म्हणजे साक्षी-पुराव्यांवर निवाडे देण्यात नोकरी घालवलेले हे गृहस्थ १९१० साली शिरडीला गेले तेव्हा गुरूची आवश्यकता आहे का या वादात त्यांनी उलट बाजू घेतली, आणि पुढे त्यांनीच ओवीबद्ध ‘श्रीसाईसच्चरित’ रचले. सत्य साईबाबांनी स्वतःला शिरडीच्या साईबाबांचा अवतार म्हणवले, त्यामुळे या दोन चरित्रकारांचे नाते निव्वळ साम्याचे नाही. तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. हेमाडपंतांनी ओवीचा घाट निवडला, आणि मराठी श्रोत्याला तो घाट ऐकताच काय ऐकायचे आहे ते कळते. महिपतीचा ‘भक्तविजय’ १७६२ चा, आणि त्यात नाभाजी व उद्धवचिद्घन यांचे ऋण तो उघडपणे मान्य करतो. संतचरित्राची परंपरा आपली साधने आणि आपली भूमिका लपवत नाही. कस्तुरींनी मात्र मुख्यतः आधुनिक चरित्राच्या गद्य घाटात, इंग्रजीत लिहिले, जेथे तारखा, ठिकाणे, माणसांची नावे आणि प्रसंग इतिहासाच्या रीतीने येतात, आणि त्याच ओळींत त्याच सुरात चमत्कारही येतात. प्राध्यापक आणि प्रसारक म्हणून मिळालेली विश्वासार्हता वाचक नकळत त्या ओळींवरही बसवतो. नैयायिकांचा तो कच्चा पूल येथे पुन्हा उभा राहतो.

याचा अर्थ कस्तुरींनी कोणाला फसवले असा नाही. आपण भक्त म्हणून लिहीत आहोत हे त्यांनी झाकले नाही. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे शीर्षकच ईश्वरावरील प्रेमाचा उच्चार करणारे आहे. त्यांच्या ठिकाणी जसे दिसले तसे सांगण्याची इच्छा होती, असे मानायला जागा आहे. प्रश्न राहतो तो साक्षात ज्ञानाचा: हातातून विभूती आली हे पाहिले असे एखादा साक्षी सांगतो तेव्हा त्याने पाहिलेले दृष्ट असते, ती अलौकिक शक्तीने आली हे त्याने पाहिलेले नसते, ते त्याचे अनुमान असते, आणि साक्षीच्या वाक्यात ही दोन्ही बेमालूम मिसळतात. १९७६ साली बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू आणि पदार्थविज्ञानाचे अभ्यासक एच. नरसिंहय्या यांनी चमत्कारांची तपासणी करण्यासाठी समिती नेमली आणि सत्य साईबाबांना नियंत्रित परिस्थितीत प्रयोगासाठी आमंत्रण दिले. ते स्वीकारले गेले नाही. नरसिंहय्या स्वतः गांधीवादी, ब्रह्मचारी, वसतिगृहातील एका साध्या खोलीत राहणारे होते, म्हणून त्यांची मागणी अश्रद्ध माणसाचा उपहास म्हणून फेटाळता येत नाही. ती परतःप्रामाण्याची मागणी होती, जी नैयायिक आचार्यांनीही आपल्या प्रतिपक्षाकडे केली असती. तशा तपासणीला नकार आल्याने चमत्कार खोटे सिद्ध होत नाहीत, परंतु ते मानण्याचा भार मग संपूर्णपणे साक्षींच्या आप्तत्वावर पडतो, आणि एका दृष्टार्थ प्रश्नाबाबत तो त्यावर टाकणे योग्य नव्हे, कारण दृष्टार्थ वचनाची कसोटी दृष्टच असते.

यावर श्रद्धेच्या बाजूने एक गंभीर उत्तर आहे, आणि ते टाळू नये. चमत्कार हा भक्तीचा पाया नसून भक्ताला जो आधार, जी शांती किंवा जे वळण मिळाले तो तिचा पाया आहे, आणि हा अनुभव दुसऱ्या कोणाच्या शब्दावर अवलंबून नाही. तो भक्ताचा स्वतःचा प्रत्यक्ष आहे. हे मान्य करावे लागते. कोणाचे आयुष्य सुधारले, कोणाचे व्यसन सुटले, कोण सेवेला लागला, हे दृष्ट आहे आणि इतिहासकाराला त्याची नोंद घ्यावी लागते. पण त्या फळावरून ज्याने ते दिले असे भक्ताला वाटते त्याच्या स्वरूपाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे पुन्हा आयुर्वेदावरून वेदाचे प्रामाण्य काढणे होय. फळ खरे असते आणि निष्कर्ष तरीही सिद्ध न झालेला असतो, ही स्थिती धर्मविचाराला अवघड वाटते, आणि ती तशी आहेच.

मीमांसकांतला प्रभाकर या ठिकाणी एक वेगळी वाट दाखवतो. त्याच्या मते अपौरुषेय वेद सोडला तर माणसाच्या वाक्यातून श्रोत्याला विषयाचे साक्षात ज्ञान होत नाही. वाक्य ऐकून आधी वक्त्याला काय ठाऊक आहे, त्याच्या मनात काय आहे, याचे अनुमान होते, आणि विषयाकडे त्यानंतर जाता येते. नभोवाणीवरील इतिहासकाराचे व्याख्यान ऐकताना आणि कस्तुरींचे चार खंड वाचताना ही पायरी वगळता कामा नये. ती घेतली की त्या खंडांचे मोल कमी होत नाही, वाढते. विसाव्या शतकाच्या मध्यात दक्षिण भारतातील इंग्रजी शिकलेला, रामकृष्ण-विवेकानंद परंपरेत वाढलेला, नव्या विद्यापीठात रुळलेला आणि नव्या यंत्रातून बोललेला वर्ग एका खेड्याकडे का वळला, त्याला तेथे काय सापडले, तो ते कोणत्या शब्दांत सांगत होता, एका लहान वस्तीचे मोठे तीर्थ कसे झाले, याचे ते पहिल्या प्रतीचे समकालीन साधन आहे. राजवाड्यांनी अशा साधनाला जपून ठेवले असते आणि लिहिणाऱ्याच्या मनाचा कौल तपासूनच वापरले असते. त्यातील तारखा, प्रवास, उत्सव, भेटी हे सारे इतर कागदांशी ताडून पाहता येते, आणि जेथे ते जुळत नाही तेथे कस्तुरींना चूक म्हणण्याचा अधिकार त्यांच्याच एखाद्या विद्यार्थ्याला त्यांनीच दिलेला होता. जो भाग दृष्टाच्या कक्षेत येतच नाही, त्याबाबत महाराजा कॉलेजात शिकवली जाणारी पद्धत होकारही देत नाही आणि नकारही देत नाही. तिथे कस्तुरी प्राध्यापक म्हणून बोलत नव्हते, आणि त्यांना त्या नात्याने ऐकण्याचा आग्रह वाचकानेही धरू नये.